विश्रांतीचा रकाना

१० मार्च, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की आहे, कारण ती एका पिशवीवर लिहिलेली आहे आणि त्या पिशवीत माझे केस आहेत.

अणुभट्टीच्या इमारतीतून मी पहिल्यांदाच बाहेर येत होतो. दारात ती किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन उभी होती. केस टोपीत कोंबलेले, कपाळावर पेनाची निळी रेघ. तिने मला पायांपासून तपासत आणलं. डाव्या कानाच्या वर मीटर कडकडलं.

"आत डोकं खाजवलंस?"

"नाही."

"हातमोज्याने खाजवलंस. सगळे नवे खाजवतात. जा, धुऊन ये."

तीनदा धुऊन आलो, मीटर कडकडतच राहिलं. मग तिने कात्री काढली. माझं डोकं दोन बोटांनी बाजूला वळवलं आणि बट कापली. मागे रांगेत वीसजण उभे होते, सगळे बघत होते.

"नाव?"

"तांगी."

"तांगी, पुढच्या वेळी खाजवलंस तर टक्कल करून पाठवीन. आईला सांगून ठेव."

रांग हसली. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी अंगावर गेलो असतो. कॉलेज मी यापायीच सोडलं. प्राध्यापक वर्गात हसला, मी प्रयोगवही त्याच्या टेबलावर आपटून निघालो, ते परत गेलोच नाही. पण आज मी नुसता उभा राहिलो. तिने पिशवीवर तारीख आणि वेळ घातली. तिचं नाव सोलेन.

१३ मार्च, गुरुवार

इथलं माझं काम असं: आमच्या ठेकेदार कंपनीच्या चाळीस माणसांचं पाळीपत्रक लिहायचं. सहा आठवडे भट्टी बंद ठेवून इंधन बदलतात, पाइप तपासतात. त्यासाठी देशभरातून माणसं कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन येतात आणि काम संपलं की पुढच्या भट्टीकडे जातात. कुणी कधी यायचं, कधी जायचं, ते मी ठरवतो. म्हणजे आमचे वरिष्ठ बूर्देसाहेब ठरवतात, मी रकाने भरतो.

नियम एकच पाठ करायचा. एक पाळी संपून दुसरी सुरू होईपर्यंत अकरा तास. फाटकावर कार्ड दाखवून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं, आणि अकरा तास व्हायच्या आत परत आलं तर फाटक फिरत नाही. मधल्या तासांवर मी 'विश्रांती' लिहितो.

आम्ही सगळे नदीकाठच्या कॅम्पिंगमध्ये, म्हणजे कॅरव्हॅनांच्या तळावर राहतो. शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये ओक्ताव आहे. एकोणसाठ वर्षांचा, पाइप जोडणारा, एकतीस वर्षं हेच करतोय, नाताळात निवृत्त होणार. त्याला सगळे म्हातारबा म्हणतात. काल त्याने मसूर आणि सॉसेजचा डबा गरम करून मला अर्धा दिला. सोलेनची कॅरव्हॅन त्याच्या पलीकडे, नदीच्या बाजूला.

"तिच्याकडे एवढं बघू नकोस, पोरा," तो म्हणाला. "तिचा हा शेवटचा शटडाउन. समुद्राकाठच्या भट्टीवर कायमची नोकरी लागतेय, आईच्या घरापासून दहा मिनिटांवर. फक्त हा शटडाउन डागाविना पार पडला पाहिजे. एक चूक कागदावर आली तर परत कॅरव्हॅन."

"मी कुठे काय केलं?"

"तू नऊ वर्षांचा असल्यासारखा बघतोस."

सहा वर्षं ती अशी फिरतेय. सव्विसाव्या वर्षी तिला फक्त एक घर हवंय, भिंती असलेलं. मला ते तिला मिळालेलं बघायचंय. शक्यतो त्याच घरात बसून.

१७ मार्च, सोमवार

शुक्रवारपासून ती दुपारच्या पाळीत, एक ते नऊ. मी सकाळी. दिवसभरात चार मिनिटं दिसते.

आज साडेबाराला गाड्यांच्या तळावर तिची गाडी दिसली. काचा आतून वाफेने पांढऱ्या. माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. मी काचेवर मूठ मारली, दोनदा. काच खाली आली. ती एकटीच होती. गालावर सीटच्या शिवणीचा वळ.

"कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. मला वाटलं..."

"कॅम्पिंगमध्ये सकाळी गवत कापतात, तांगी. पाळीआधी वीस मिनिटं इथे झोपते. त्यातली अकरा राहिली होती." आणि काच वर.

मला भयंकर लाज वाटली. नंतर विचार केला तेव्हा कळलं, ती एकटी पडलीय. अख्ख्या पाळीत तिच्याशी बोलायला कुणी नाही. हे बदलायला हवं, आणि पाळीपत्रक तर माझ्याच हातात आहे.

१९ मार्च, बुधवार

मला एक युक्ती सुचली आणि बूर्देसाहेबांनी आज पहिल्यांदा माझं नाव बरोबर उच्चारलं.

कुंपणाबाहेर सरावाची शेड आहे. आत भट्टीच्या तळाचं खरं माप असलेलं लाकडी आणि लोखंडी मॉडेल. आत जायच्या आधी माणसं तिथे काम गिरवतात. त्या शेडला फाटक नाही. फाटक नाही म्हणजे कार्ड नाही, कार्ड नाही म्हणजे तास नाहीत. शिकवायला मीटरवाला लागतो, आणि आपण तीन दिवस मागे आहोत.

मी सुचवलं की सोलेनला सकाळी सहा ते साडेअकरा शेडमध्ये घ्यावं, दुपारी एकपासून नेहमीप्रमाणे आत. फाटकाच्या हिशेबात ती रात्री नऊला बाहेर पडते आणि दुसऱ्या दिवशी एकला येते. सोळा तास विश्रांती. नियमापेक्षा पाच जास्त.

बूर्देसाहेब बराच वेळ कागद बघत राहिले. "कॉलेजात हे शिकवत नाहीत," ते म्हणाले.

"कॉलेज मी सोडलंय, साहेब."

"बरं केलंस."

शेडच्या कचेरीत सकाळी मी बसेन, दुपारी आतल्या नियोजन खोलीत, तीही तिच्या दारापासून वीस पावलांवर. माझेही तेवढेच तास होतील, पण मी खुर्चीवर बसणारा माणूस, मला काय होणार. रात्री ती पाळीहून परतल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "नाही म्हटलं तर बूर्दे कागदावर काय लिहील?"

"कोण कशाला नाही म्हणेल?" मी म्हणालो.

ती मान हलवून गेली. नाही म्हणाली नाही.

२२ मार्च, शनिवार

सकाळी सहा: शेड. कॉफी तिने घेतली, मी आणलेली. सात वाजता माझ्याकडे बघून हसली. साडेअकराला गेली. दुपारी एक ते रात्री नऊ तिच्या दाराच्या काचेतून सतरा वेळा दिसली. मी मोजलं. रोजच्या वेळा वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतो.

आणि परतीच्या कंपनीच्या व्हॅनमध्ये (स्वतःची गाडी ती हल्ली तळावरच ठेवते) तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

वळण यायच्या आधीच. म्हणजे गाडीच्या झोक्याने नव्हे. मी हललो नाही. हात बधिर झाला, बोटांत मुंग्या आल्या, तरी नाही. समोर ओक्ताव बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हेवा असेल. कॅम्पिंगच्या दारात व्हॅन थांबली तेव्हा ती दचकून उठली आणि म्हणाली, "दुसरी फिल्टर टाकी तपासली का?"

लाजली बिचारी.

२५ मार्च, मंगळवार

इथे एक रीत आहे. कुठलंही काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट थांबायचं. हात खाली, तोंड बंद, काय करणार आहोत ते मनात एकदा करून बघायचं. भिंतीवर तसं लिहिलंय. जुनी माणसं या मिनिटाला खूप मानतात. म्हातारबा तर टोपी काढतो.

आज कागद द्यायला गेलो तेव्हा तिच्या दाराशी चौघं तसे उभे होते. सोलेन भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. चेहरा इतका शांत की मी दारातच थांबलो. बाकीच्यांचं मिनिट संपलं, तिचं चाललंच होतं. ओक्तावने तिच्या कोपराला हात लावला. तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा तिला मी दिसलो.

मनात काय चाललं होतं तिच्या, मला विचारायचं आहे. धीर होत नाही.

एक जोडारी मागून म्हणाला, "तुझी नवरी उभ्या उभ्या स्वप्नं बघते." मी त्याची कॉलर धरली. दोघांनी सोडवलं. बूर्देसाहेब म्हणाले, पुन्हा झालं तर घरी.

२८ मार्च, शुक्रवार

सहा ते साडेअकरा. एक ते नऊ. आज बोलली नाही.

३० मार्च, रविवार

उन्हाळ्याच्या वेळेसाठी काल रात्री देशभर घड्याळं एक तास पुढे केली. सकाळचे सहा म्हणजे शरीराचे पाच. मी विचारलं, आज शेड साताला सुरू करायची का? बूर्देसाहेब म्हणाले, "घड्याळ सरकारने पुढे केलं, मी नाही. सहा म्हणजे सहा."

रविवार असूनही सगळे आले. सलग अकरावा दिवस. सोलेन आली ती दोन वेगवेगळे मोजे घालून. मी म्हटलं छान दिसतंय. तिने खाली बघितलं आणि तिचे डोळे भरले. मोज्यांवरून. मी गडबडून गेलो.

१ एप्रिल, मंगळवार

एक एप्रिलला इकडे एप्रिलफूल म्हणून सगळे करतात तेच कुणीतरी केलं. कागदाचा मासा कापून सोलेनच्या पाठीवर चिकटवला. नेहमी हे पाच मिनिटांत कळतं आणि मग धावाधाव, हशा. तिच्या पाठीवर तो सकाळी सहापासून होता. दुपारी तिने कपडे बदलले, पुन्हा डगला घातला, आणि कुणीतरी परत लावला. रात्री नऊला व्हॅनमध्ये बसलो तरी होताच. शेवटी शेवटी कुणी हसेना. ओक्तावने तो हळूच काढला आणि खिशात घातला.

व्हॅनमधून उतरल्यावर मी तिला गाठलं. आज सांगायचंच ठरवलं होतं. मी म्हणालो, तेरा दिवस मी तुझ्यासाठी एवढं करतोय, तू माझ्याकडे धड बघत नाहीस. काल मला यान म्हणालीस. कोण हा यान?

"माझा भाऊ," ती म्हणाली.

"मग मी काय बोलतोय ते तरी ऐक."

"तांगी, ऐकतेय. पण मला आत्ता वाक्यं कळत नाहीत. शब्द कळतात. त्यांचं पुढे काही होत नाही."

ही कसली सबब? नको असेल तर नको म्हण. मी तसंच म्हणालो, बरंच मोठ्याने. कॅरव्हॅनांचे दोन पडदे हलले. ती माझा आवाज संपेपर्यंत उभी राहिली आणि मग दाराची किल्ली शोधू लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

म्हातारबाने मला आत बोलावलं.

"ती किती वाजता उठते, माहितेय तुला?"

"सहाला शेडमध्ये असते."

"मी विचारलं, उठते किती वाजता. साडेचारला. आणि झोपते बाराच्या आत कधीच नाही. डोळे मिटले की मीटर ऐकू येतं म्हणते. तिला शेडमधून काढ."

"तिने मला कधी सांगितलं नाही."

"तू पाळ्या लावणारा. पाळ्या लावणाऱ्याला कोण सांगतं, लेका?"

मला राग आला. म्हातारा मध्ये पडतोय असं वाटलं. तरी उद्या बूर्देसाहेबांशी बोलेन. शनिवारपासून बदल करता येईल बहुतेक. दोन दिवस तिच्याशी अबोला धरायचा, मग बघू.

२ की ३ एप्रिल. गुरुवार आहे, म्हणजे ३.

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

ओक्तावला पाइपाचा एक सांधा उघडायचा होता. ती जागा बंदिस्त, आत हवेचा पोशाख घालून जावं लागतं. पोशाखात हवा इतक्या जोरात वाहते की बाहेरचं काही ऐकू येत नाही. सोलेनने आधी आत जाऊन मीटर लावलं, बाहेर आली आणि म्हणाली, "बारा."

मीटर आकडा दाखवतं आणि शेजारी बारीक अक्षर. आकडा मोठा झाला की यंत्र आपणहून पट्टी बदलतं. आकडा पुन्हा लहान दिसू लागतो, फक्त अक्षर बदलतं. बारा म्हणजे काहीच नाही, किंवा बारा म्हणजे हजारपट. तिने अक्षर बघितलं नाही. सगळे रीतीप्रमाणे एक मिनिट थांबले. ओक्तावने टोपी काढली. मग पोशाख चढवून आत गेला.

पावणेचारला मी कागद घेऊन तिथे गेलो. अबोला मोडायचा होता. ती स्टुलावर बसली होती, समोर पडदा, त्यावर आतल्या माणसाच्या छातीवरच्या यंत्राचा आकडा येतो. ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. सरळ, डोळे उघडे, पापणी न हलवता. मी थांबलो. मला वाटलं की शेवटी बघतेय. मी तसाच उभा राहिलो, तिच्या नजरेत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. अर्धं मिनिट असेल. जास्त असेल.

मग दिसलं की पडदा लाल आहे.

ती झोपली होती.

मी ओरडलो, त्याच्या कमरेला बांधलेली इशाऱ्याची दोरी ओढली. ओक्तावला बाहेर काढलं. तो चाळीस मिनिटं आत होता. एकतीस वर्षांत कुठल्याच वर्षी त्याने जेवढा किरणोत्सर्ग अंगावर घेतला नव्हता, तेवढा चाळीस मिनिटांत.

सोलेन उठून उभी राहिली होती. ती एकच शब्द म्हणत होती, अगदी हळू. "बारा. बारा. बारा."

४ एप्रिल, शुक्रवार

ओक्ताव ठीक आहे. म्हणजे जळलेलं नाही, उलटी नाही, डॉक्टर म्हणाले आज दाखवण्यासारखं काही नाही. आता वर्षभर त्याला आत प्रवेश नाही. नाताळात निवृत्ती, म्हणजे कायमचाच नाही. तो कॅरव्हॅनच्या पायरीवर बटाटे सोलत बसला होता.

"मला तसं काही झालेलं नाही, पोरा. निदान आज तरी."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

"मला दिसत होतं," तो म्हणाला. "तिने बारा म्हटलं तेव्हा तिचं तोंड मला दिसत होतं. मी म्हणायला हवं होतं की परत एकदा बघ. पण सांधा त्याच दिवशी उघडायचा होता, आणि मीही पाचला उठलेला." त्याने बटाटा पाण्यात टाकला. "तिचा परवाना काढून घेतायत. चौकशी मंगळवारी."

दुपारी बूर्देसाहेबांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं. टेबलावर फाटकाच्या नोंदी होत्या.

"बघ. दोन तारखेला रात्री नऊला बाहेर. तीन तारखेला दुपारी एकला आत. सोळा तास विश्रांती. सगळे दिवस असेच. पाळीपत्रकात कसलीही चूक नाही. माणसाची चूक आहे, एका माणसाची."

"आणि शेड?"

"शेडच्या नोंदी कुठे आहेत?"

"नाहीत."

"मग शेड नाही." त्यांनी नोंदी गोळा केल्या. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचेही डोळे लाल होते, तेही पहाटेपासून इथेच असतात. "तांगी, तुला कळतंय ना? त्या रकान्यात जे लिहिलंय ते तुझ्या अक्षरात आहे. मी सही केलीय, पण अक्षर तुझं. गप्प बस. पुढच्या शटडाउनला तुला माझ्या हाताखाली मुख्य करतो."

मला त्यांना मारायचं होतं. माझी मूठ वळली होती. पण मारून काय करणार होतो? ते जे बोलत होते त्यात खोटं एवढंच होतं की शेड नाही, आणि ते खोटं मीच त्यांना आणून दिलं होतं.

६ एप्रिल, रविवार

सोलेनच्या कॅरव्हॅनचे पडदे बंद. ओक्ताव म्हणतो ती शुक्रवारी दुपारपासून झोपलीय, मध्ये दोनदा उठून पाणी प्यायली. त्याने दारात सूप ठेवलं ते तसंच. मी जाऊ का विचारलं. तो म्हणाला, नको.

शेडच्या नोंदी नाहीत. मी सकाळभर तेच डोक्यात घेऊन बसलो. कुणाकडेच नाहीत. मग ही वही उघडली, दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि वाचत गेलो. सहाला कॉफी घेतली. साताला हसली. साडेअकराला गेली. एक ते नऊ सतरा वेळा दिसली. वीस मार्चपासून दोन एप्रिलपर्यंत चौदा दिवस, रोज, घड्याळाच्या वेळांसकट. ज्या दिवशी पुढच्या पानांवर काहीच लिहिलेलं नाही, त्या दिवसाच्याही वेळा मागच्या पानांवर आहेत.

मी त्या वेळा एका कोऱ्या कागदावर उतरवल्या. तिच्या हसण्याचं, मोज्यांचं, बाकीचं सगळं सोडून फक्त तास. रोज साडेतेरा तास काम. मधल्या वेळेसकट पंधरा. मधल्या दीड तासात कपडे बदलणं, रांग आणि गाडीतली झोप. सुट्टीचा दिवस एकही नाही. रात्री नऊ ते सकाळी सहा म्हणजे नऊ तास, त्यातून व्हॅन, अंघोळ, जेवण वजा. घड्याळ पुढे केलं त्या रात्री आणखी एक वजा.

बेरीज तीनदा तपासली. मग बावीस तारखेचं पान पुन्हा वाचलं, व्हॅनमधलं, आणि पंचवीसचं, आणि तीन तारखेचं, स्टुलाचं. वाचवेना. ओक्ताव त्या दिवशी समोर बसून काय बघत होता ते कळलं.

प्रत्येक ठिकाणी मी होतो. दोन पावलांवर. आणि मी मोजत होतो.

७ एप्रिल, सोमवार

ओक्तावला विचारलं, हे सांगितलं तर तिची नोकरी राहील का.

"माहीत नाही. पण नाही सांगितलंस तर राहणार नाही, हे माहितेय."

"तिला कळेल की मी का केलं."

"हो."

"ती परत तोंड बघणार नाही माझं."

"पोरा," तो म्हणाला, "तुझं तोंड कुणी बघायचं, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव." मग थोड्या वेळाने, "जेवलास का?"

८ एप्रिल, मंगळवार

खोली लहान होती, प्रशासन इमारतीत, पहिल्या मजल्यावर. लांब टेबल. सुरक्षा निरीक्षक मादाम तेसिए, पन्नाशीच्या, समोर वही. बूर्देसाहेब. टेबलाच्या टोकाला सोलेन. पाच दिवसांत तिचा चेहरा बदलला होता. दहा मार्चला होता तसा झाला होता. म्हणजे मी मधले तीन आठवडे एक वेगळाच चेहरा बघत होतो आणि मला तो आवडत होता.

बूर्देसाहेबांनी फाटकाच्या नोंदी मांडल्या. सोळा तास, सोळा तास, सोळा तास. मादाम तेसिएंनी सोलेनला विचारलं, "तुम्हाला पुरेशी विश्रांती मिळाली होती?"

"कागदावर तसं आहे," सोलेन म्हणाली.

"मी कागदाचं विचारत नाही."

सोलेनने फक्त बूर्देसाहेबांकडे पाहिलं. तिला वाटत होतं की कुणीच ऐकणार नाही. ते मला दिसलं. या वेळी बरोबर दिसलं असावं.

"कागद मी लिहिलाय," मी म्हणालो. "तो खोटा आहे."

बूर्देसाहेब म्हणाले, "तांगी, तुला बोलावलंय ते नोंदी ओळखायला."

"ओळखतोय ना, साहेब." माझा आवाज चढला. मी थांबलो. हात टेबलाखाली घेतले आणि पुन्हा खालच्या आवाजात सुरुवात केली. कोरा कागद पुढे सरकवला आणि वाचून दाखवला. वीस मार्च, सहा ते साडेअकरा, एक ते नऊ. एकवीस मार्च, सहा ते साडेअकरा, एक ते नऊ. चौदा ओळी. सातव्या ओळीला बूर्देसाहेबांनी चष्मा काढला.

"शेडमध्ये नोंद होत नाही," मादाम तेसिए म्हणाल्या. "मग या वेळा तुमच्याकडे कुठून आल्या?"

"मी लिहून ठेवत होतो."

"कशासाठी?"

मी उत्तर तयार करून आणलं होतं. कामाच्या सोयीसाठी, असं काहीतरी. ते म्हणालो असतो तर चाललं असतं.

"तिला बघायला," मी म्हणालो. "ती माझ्याजवळ असावी म्हणून शेडची युक्ती मी काढली. साहेबांनी सही केली, पण सुचलं मला. ती दमलीय हे चौदा दिवस माझ्यासमोर होतं आणि मी त्याचा दुसरा अर्थ लावत होतो. ओक्तावने सांगितलं तरी दोन दिवस थांबलो. रागावलो होतो म्हणून. आणि तीन तारखेला पडदा लाल झाला तेव्हा मी लगेच ओरडलो नाही. ती माझ्याकडे बघतेय असं वाटलं. अर्धं मिनिट मी नुसता उभा होतो. तेही लिहून घ्या."

मादाम तेसिएंनी लिहून घेतलं. सही करायला कागद माझ्यासमोर आला. मी केली. बूर्देसाहेब मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, "शेड आहे. मला माहीत होतं." एवढंच.

सोलेन माझ्याकडे बघत होती. डोळे उघडे आणि ती पूर्ण जागी. त्यात राग होता का? मी आता तिच्या चेहऱ्याचे अर्थ लावणार नाही.

"तू एकदाही विचारलं नाहीस," ती म्हणाली. "चौदा दिवसांत. मला म्हणालास, कोण कशाला नाही म्हणेल. बस्स, तेवढंच."

"हो."

"मी नाही म्हणाले असते."

"हो."

मला अजून बोलायचं होतं. माफी नव्हती मागायची, ती मागितली की तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. तिला नोकरी मिळो, आईजवळचं घर मिळो, असं काहीतरी मनात होतं. मी तोंड उघडलं. तिने हात थोडा वर केला आणि मादाम तेसिएंकडे वळली.

"मला माझं सांगायचंय," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. सावकाश सांगेन, वेळ लागेल. आणि हा इथे नको."

मादाम तेसिएंनी वहीचं नवीन पान उघडलं, त्यावर तारीख घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. खुर्ची आवाज न करता आत सरकवली. बाहेर आलो, आणि आत ती बोलायला लागली तेव्हा दार लावून घेतलं.